ठाणे-कल्याण परिसरातली विसरलेली लष्करी दफनभूमी कशी शोधावी

जुनी लष्करी दफनभूमी शोधायला निघालेले बहुतेक जण थेट मैदान गाठतात. 'इथे गोऱ्यांची थडगी होती म्हणे' एवढ्या ऐकीव माहितीवर झुडपं तुडवतात आणि एखादा घडीव दगड दिसला की शोध लागला असं मानतात. हा क्रम उलटा करायला हवा. मैदान शेवटी. सुरुवात करायची ती मेलेल्या एका माणसाच्या नावापासून. जमिनीचा मालक बदलतो, गावाची हद्द बदलते, दगड कुणाच्या तरी पायरीला लागतो. सैनिकाच्या मृत्यूचा कागद मात्र एकाच वेळी तीन-चार ठिकाणी तयार होतो: पलटणीत, इस्पितळात, पाद्र्याच्या वहीत आणि कबरींची नोंद ठेवणाऱ्या कमिशनकडे. त्यातला एक गहाळ झाला तरी दुसरा हाती लागतो.

ठाणे जिल्ह्यात या कामाला भरपूर वाव आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ ब्रिटिशांची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांची सोय झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिथेच उल्हासनगरची स्थापना झाली. तिथले पत्ते आजही कॅम्प नंबर आणि बॅरक नंबरवर चालतात. जवळच नेवाळीला युद्धकाळातली धावपट्टी आहे. त्याआधीची युद्धंही आहेतच. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून लढून घेतला, १७८० मध्ये कल्याण, मलंगगड, वसई या भागांत लढाया झाल्या. पण अठराव्या शतकातल्या शिपायांच्या कबरींची नावनिशी क्वचितच मिळते. नवख्याने १९१४ ते १९४७ हा काळ धरावा. इथली पद्धत त्याच काळासाठी आहे.

कबर हलवली, की जागेवरच राहिली?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन १९१७ पासून काम करतं (१९६० पर्यंत त्याच्या नावात 'इम्पीरियल' होतं). ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतींत मेलेले सैनिक त्याच्या यादीत येतात. संकेतस्थळावरचा शोध फुकट आहे आणि निकाल तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येतात.

आपल्या भागासाठी खडकीचं वॉर सिमेटरी महत्त्वाचं, आणि तिथे एका आवारात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. खडकीची दफनभूमी दुसऱ्या महायुद्धातल्या कबरींसाठी उभारली. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या ठिकाणी कबरींची कायमची देखभाल शक्य नव्हती, तिथले अवशेष उकरून इथे आणले. अशा साडेसोळाशेहून अधिक कबरी तिथे आहेत. त्याच आवारातलं १९१४-१९१८ चं स्मारक मात्र फक्त नावांचं आहे. त्यावर १,८०० हून अधिक नावं आहेत आणि ती माणसं भारत-पाकिस्तानातल्या नागरी व कॅन्टोन्मेंट दफनभूमींत जिथे पुरली तिथेच आहेत. त्या कबरींची देखभाल होईना, म्हणून नाव खडकीला कोरलं.

याचा अर्थ सरळ आहे. १९४४ साली कल्याण छावणीत वारलेला सैनिक आज खडकीच्या कबरींच्या यादीत सापडला, तर त्याची मूळ जागा रिकामी आहे. तिथे दगडही मिळणार नाही, कारण युद्धकाळात कबरीवर लाकडी किंवा पत्र्याची तात्पुरती खूण असे आणि अवशेषांबरोबर तीही जाई. १९१७ साली वारलेल्याचं नाव खडकीच्या स्मारकावर असेल, तर त्याची कबर अजून आपल्याच जिल्ह्यात कुठेतरी असू शकते. अनेक हौशी शोध याच ठिकाणी फसतात. लोक रिकाम्या जागेत कबरी शोधतात आणि भरलेली जागा बघतही नाहीत.

कामाचा क्रम असा ठेवा. खडकी वॉर सिमेटरीची पूर्ण यादी उतरवा आणि मृत्यूच्या तारखेने लावा. मग एकेका नावाचं पान उघडून खाली जोडलेले स्कॅन पाहा. कबर नोंदणीचा अहवाल, शिळेवरच्या मजकुराचा तक्ता आणि (असेल तर) अवशेष हलवल्याचा अहवाल, असे कागद तिथे असतात. आपल्या कामाचा तिसरा. त्यात मूळ दफनभूमीचं नाव, कधी कधी रांग आणि कबर क्रमांकही मिळतो. एका ठिकाणाहून आणलेले अवशेष पुष्कळदा शेजारी शेजारी पुरले जातात, त्यामुळे एक नाव जुळलं की त्याच भागातली आणि रांगेतली पुढची-मागची दहा-दहा नावं तपासा. १९१४-१९१८ च्या स्मारकावरच्या नावांसाठी 'अधिक माहिती'चा रकाना वाचा. अनेक नोंदींत मूळ दफनभूमीचं नाव तिथे एका ओळीत दिलेलं असतं.

शोध घेताना नावांची जुनी रूपं वापरा. इंग्रजी कागदांत ठाणे हे थाना, ताना, टन्ना अशा वेगवेगळ्या रूपांत येतं. कल्याण, भिवंडी, पनवेल यांचीही तीच गत. एकाच रूपाने शोधलं तर अर्ध्या नोंदी निसटतात.

भारतीय सैनिकांबाबत वेगळा विचार करावा लागतो. हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं, त्यामुळे कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अविभाजित भारताच्या २५,००० हून अधिक जवानांची नावं दिल्ली आणि कराचीच्या १९३९-१९४५ स्मारकांवर आहेत. मुस्लिम जवान अनेकदा स्थानिक कबरस्तानातच दफन झाले. म्हणून मशिदीच्या विश्वस्तांकडची जुनी दफन नोंदवहीही विचारा. 'लष्करी दफनभूमी' म्हणजे फक्त गोऱ्यांची, असं धरून चाललं की आपल्याच माणसांचा माग सुटतो.

इस्पितळाचा माग

छावणीत बहुतेक मरण गोळीने येत नसे. मलेरिया, आमांश, मोटार अपघात, नदीत बुडणं ही नेहमीची कारणं. म्हणजे माणूस इस्पितळात मरे, आणि उष्म्यामुळे दफन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होई. दफनभूमी इस्पितळापासून ट्रकने सहज जाण्याच्या अंतरावर असणार, हे गृहीत धरा.

कागदांत इस्पितळाचं नाव क्रमांक आणि आद्याक्षरांनी येतं: बी.जी.एच. म्हणजे ब्रिटिश जनरल हॉस्पिटल, सी.जी.एच. म्हणजे कम्बाइन्ड जनरल हॉस्पिटल, सी.एम.एच. म्हणजे कम्बाइन्ड मिलिटरी हॉस्पिटल. फसगत होते ती क्रमांकात. इस्पितळ एका गावाहून दुसऱ्या गावी हले आणि क्रमांक तोच राही. त्यामुळे १९४३ चा पत्ता १९४५ ला लावू नका. महिनावार ठिकाण लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, वैद्यकीय युद्ध-रोजनिश्यांच्या डब्ल्यूओ १७७ या मालिकेत सापडतं. या रोजनिश्या सगळ्या ऑनलाइन नाहीत. आधी सूचीत क्रमांक शोधा, मगच प्रतीचे पैसे भरा.

पाद्र्यांच्या वह्या

मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या दफन नोंदींच्या प्रती नियमितपणे लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सच्या एन/३ या मालिकेत, १७०९ ते १९४८ पर्यंतच्या आहेत. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्यांचे स्कॅन पैसे भरून पाहता येतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या फुकट सूचीत आधी नाव तपासलं तर खर्च वाचतो. एका ओळीत नाव, हुद्दा, वय, मृत्यूची व दफनाची तारीख, कारण, दफनाचं ठिकाण आणि पाद्र्याची सही असते. पाद्र्याचं नाव टिपून ठेवा. एकच पाद्री दोन-तीन छावण्या सांभाळत असेल तर वहीवरचं शीर्षक एका गावाचं आणि कबर दुसऱ्या गावात, असं होतं. अशा वेळी 'दफनाचं ठिकाण' हा रकाना खरा माना, वहीचं शीर्षक नव्हे.

मूळ वह्या इथे असू शकतात. ठाण्याचं सेंट जेम्स हे अँग्लिकन चर्च १८२५ चं. इथलं अँग्लिकन चर्च १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलं, त्यामुळे विचारणा तिथे करावी. कॅथलिक सैनिकासाठी जवळच्या पॅरिशची वही. जाताना तोंडी विनंती करू नका. पंथ, नाव, तारीख आणि हवं असलेलं पान एवढंच लिहिलेलं एका पानाचं पत्र न्या. 'सगळ्या वह्या दाखवा' म्हटलं की नकार ठरलेला.

ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया या संस्थेने गावनिहाय जमवलेल्या फायलीही ब्रिटिश लायब्ररीत आहेत, एमएसएस युर एफ३७० या क्रमांकाखाली. लंडनला जाणं जमणार नसेल तर संस्थेला ईमेलने विचारा.

नकाशा बसवणं

आता जागा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने एक इंच = एक मैल (१:६३,३६०) मापाचे नकाशे लागतील. ठाणे शहर ४७ ए/१६ या शीटवर. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बेलापूर ४७ ई/४ वर. पनवेल ४७ एफ/१ वर. ठाण्याच्या पूर्वेला लगेच शीट बदलतं, म्हणून खाडीपलीकडचं काही शोधत असाल तर दोन्ही शीट मागवा. एकाच शीटच्या निदान दोन आवृत्त्या घ्या, एक १९४० च्या आधीची आणि एक १९५० नंतरची. छावणी मधल्या काळात आली आणि गेली, त्यामुळे दोन्हींतला फरक हाच पुरावा ठरतो. ख्रिस्ती दफनभूमीला नकाशावर क्रॉसची खूण असते, पण छोट्या जागा कित्येकदा दाखवलेल्याच नसतात. खूण नाही म्हणजे दफनभूमी नव्हती, असं ठरवू नका.

नकाशाचा स्कॅन क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरच्या जिओरेफरन्सरमध्ये (जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवण्याचं साधन) बसवताना समासातल्या अक्षांश-रेखांशांवर विसंबू नका. जुने नकाशे एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर, मोजलेले आहेत, आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या मापावर चालतो. आपल्या भागात यामुळे शंभर मीटरच्या आसपास सरक येते. १९०५ च्या आधीच्या नकाशांत तर रेखांशच सुमारे अडीच मिनिटांनी चुकलेले असतात. म्हणजे जमिनीवर चार किलोमीटरहून जास्त, पूर्व-पश्चिम. त्याऐवजी न हललेल्या वस्तूंवर नकाशा टेकवा: अंबरनाथचं १०६० चं शिवमंदिर, ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, मासुंदा तलावाचे कोपरे, रेल्वेचे जुने पूल, मलंगगडाचा माथा. सहा ते आठ बिंदू पुरे, पण ते शोधायच्या जागेभोवती सगळ्या बाजूंनी हवेत. सगळे बिंदू रेल्वेरुळालगत घेतले की नकाशा रुळापाशी अचूक बसतो आणि दोन किलोमीटरवर वाकतो. सॉफ्टवेअरमध्ये रूपांतराचा प्रकार पॉलिनोमियल १ ठेवा. थिन प्लेट स्प्लाइन या दुसऱ्या प्रकारात चूक आकड्यात दिसत नाही, त्यामुळे सगळं बरोबर आहे असा भास होतो.

या मापात नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर. कागदाचं आकुंचन आणि बिंदूंची चूक धरून खुणेभोवती १५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याहून बारीक टोक या नकाशातून निघत नाही.

ते बारीक करायला अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांचे १९६० ते १९७२ चे फोटो उत्तम. यूएसजीएस या अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर मिळतात. कुणी आधी स्कॅन मागवलेला असेल तर फुकट, नाहीतर शुल्क भरून. १९६७ नंतरच्या केएच-४बी या कोरोना कॅमेऱ्याच्या फोटोंत साधारण १.८ मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. एकटी कबर दिसणार नाही, पण कुंपणाची भिंत, फाटकापासून मधोमध गेलेली वाट आणि झाडांची सरळ ओळ दिसते. नवी मुंबईसाठी तर याला पर्याय नाही. सिडको मार्च १९७० मध्ये स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर भराव, सपाटीकरण सुरू झालं. त्यानंतरच्या फोटोंत मूळ जमीन दिसतच नाही.

सातबारा, फेरफार आणि पोटखराबा

वर्तुळात येणारे सर्व्हे नंबर काढा. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा आणि टिपण (सर्व्हे नंबरच्या मोजणीचा कच्चा नकाशा) मागवा, तलाठ्याकडून जुना सातबारा व फेरफार. ठाणे जिल्ह्यातले बरेच जुने कागद 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. ठाणे शहरातल्या जागेसाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक लागेल.

पाहायच्या गोष्टी: १९४० ते १९४६ दरम्यान जमीन भारत संरक्षण नियमांखाली ताब्यात घेतल्याचा फेरफार, १९४६ ते १९५० दरम्यान परत दिल्याचा फेरफार, आणि या दुसऱ्या फेरफारात वगळलेला तुकडा. परत न दिलेला छोटा, साधारण चौकोनी तुकडा दिसला की थांबा. पोटखराब्याचा (लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा) वर्ग 'ब' पाहा. सार्वजनिक रस्ते, पाण्याच्या जागा आणि दफन-दहनभूमी याच वर्गात येतात आणि त्यांवर आकारणी नसते. उल्हासनगरात निर्वासितांना दिलेल्या जागांसाठी सनदा आणि त्यांचे मोजणी नकाशे उपविभागीय अधिकारी कार्यालयात विचारावे लागतात. तिथे नुसता सातबारा शोधत बसलात तर महिने जातील. पनवेलकडच्या शोधात जिल्हा तपासा. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये पनवेल ठाण्यात आहे, पुढे ते कुलाब्यात गेलं आणि आज रायगडात आहे.

संरक्षण खात्याच्या ताब्यातल्या जमिनींची नोंद डिफेन्स इस्टेट्स या त्या खात्याच्या जमीन कार्यालयाच्या लष्करी जमीन नोंदवहीत असते. माहिती अधिकाराचा अर्ज करा. केंद्राचं आणि राज्याचं शुल्क दोन्हीकडे १० रुपये, पण राज्याच्या कार्यालयाकडच्या अर्जात विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो. 'दफनभूमीची माहिती द्या' असं मोघम लिहिलं की 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. 'मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक, १९४० ते १९५५, ताबा व परतीच्या फेरफारांच्या प्रती' असं लिहा.

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याची दप्तरं पाहा. दफनभूमीला भिंत, फाटक आणि माळी लागतो. त्या खर्चाच्या मंजुरीत जागेचं वर्णन येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची 'अभिलेख पटल'वर घरबसल्या चाळता येते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय (१८६४) इथे स्थानिक स्मरणिका, शाळांचे आणि नगरपालिकांचे जुने अहवाल चाळा.

माणसांना विचारणं

१९४४ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीपार आहे. तेव्हा प्रत्यक्ष पाहिलेलं सांगणारे फार थोडे उरलेत, हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. आगरी-कोळी गावठाणांतल्या आजी-आजोबांना गाठा. उल्हासनगरात १९४८ च्या सुमारास आलेल्या सिंधी कुटुंबांतल्या ज्येष्ठांनाही भेटा. फौज निघून गेल्यावरची मोकळी छावणी सर्वांत आधी त्यांनीच पाहिली.

'आजोबा, इथे गोऱ्यांचं कबरस्तान होतं ना?' असं विचारलं की पाहुण्याचं मन राखायला 'हो' येतं. त्याऐवजी विचारा, 'आजोबा, मिलिटरी होती तेव्हा तुम्ही गुरं कुठवर न्यायचात? कुठे जायला घरचे मनाई करायचे?' मुलांना जिथे जाऊ देत नसत ती जागा लोक नेमकी सांगतात. दोन वेगळ्या घरांतल्या, एकमेकांशी न बोललेल्या माणसांनी एकच जागा दाखवली तरच ती नकाशावर मांडा.

मैदानावर

फेब्रुवारी ते मे गवत वाळलेलं असतं, जमिनीचा चढउतार दिसतो. जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर पुन्हा एकदा जा: बुजलेल्या खड्ड्यांची माती खचलेली असते आणि पाणी तिथे लांबट डबक्यांत साचतं. साधारण सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, सारख्या अंतरावर, ओळीत, अशी डबकी दिसली तर मोजून घ्या. ऐन पावसाळ्यात जाऊ नका. गवतात काही दिसत नाही आणि सापांचा धोका असतो.

दिशा होकायंत्राने मोजा. ख्रिस्ती कबरी सहसा पूर्व-पश्चिम असतात. मुस्लिम कबरी आपल्याकडे उत्तर-दक्षिण, कारण चेहरा पश्चिमेकडे, किब्ल्याकडे असतो. पांढऱ्या चाफ्याची जुनी झाडं सरळ ओळीत असतील तर तीही नोंदवा, नुसता एकटा चाफा काही सिद्ध करत नाही. गोसाव्यांच्या समाध्या, वीरगळ, बेने इस्रायली (कोकणातले ज्यू) आणि ईस्ट इंडियन (इथले मराठी बोलणारे ख्रिस्ती) यांच्या कबरी यांना लष्करी समजण्याची चूक या भागात वारंवार होते. प्रत्येक दगडावरची लिपी, चिन्ह आणि दिशा पाहिल्याशिवाय निष्कर्ष नको.

कोरीव मजकूर वाचायला सकाळी सात-आठची किंवा संध्याकाळी पाचनंतरची तिरपी उन्हं घ्या, किंवा दगडाच्या कडेने टॉर्च धरा. साफसफाईला साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू, लिंबू काहीही नको, दगडाचा वरचा पापुद्रा अक्षरांसकट निघतो. कुठे पायरीला किंवा कपडे धुवायला लावलेली शिळा दिसली तर माप घ्या. कमिशनची उभी प्रमाण शिळा ८१३ मिमी उंच, ३८१ मिमी रुंद आणि ७६ मिमी जाड असते.

खणायचं नाही. सळई खुपसूनही पाहायचं नाही. दफनभूमीत अतिक्रमण किंवा विटंबना हा गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खाली कुणाचा तरी मुलगा आहे. बांधकामाच्या खोदाईत हाडं निघालेली दिसली तर काम थांबवायला सांगून पोलिसांना कळवा.

नोंद आणि कळवणं

अहवाल चार पानांत बसवा. पहिल्यावर निष्कर्ष आणि खात्रीची पातळी: 'कागद, नकाशा आणि जमीन तिन्ही जुळतात', 'दोन जुळतात', किंवा 'फक्त ऐकीव'. दुसऱ्यावर नावांचा तक्ता: नाव, सेवा क्रमांक, मृत्यूची तारीख, कागदाचा संदर्भ, आज अवशेष कुठे. तिसऱ्यावर बसवलेला नकाशा, वापरलेले बिंदू आणि त्यांची चूक मीटरमध्ये. चौथ्यावर फोटो, प्रत्येकात मापपट्टी आणि उत्तर दिशा. एकाच कागदातून निघालेली दोन विधानं म्हणजे दोन पुरावे नव्हेत, हे तक्ता भरताना तपासा.

प्रत कमिशनच्या चौकशी विभागाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि संबंधित महापालिकेच्या शहर विकास विभागाला पाठवा. महापालिकेचा विकास आराखडा दुरुस्तीला आलेला असेल तर हरकती-सूचनांच्या मुदतीतच सर्व्हे नंबरसह लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. आराखड्यात 'दफनभूमी' असा शेरा पडला तरच पुढच्या बांधकाम परवानगीच्या वेळी ती जागा कुणाच्या नजरेस येईल. कबरी अजून जागेवर असतील तर त्यांचं नेमकं ठिकाण जाहीर टाकण्याआधी जमिनीच्या मालकाशी बोला. खजिन्याच्या आशेने खणणारे लोक या जिल्ह्यातही आहेत.